आप्पांच्या गाडीतला आवाज

मार्गशीर्षातला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण: सेनगावच्या अलीकडचं एक खेडं, आप्पांचं अंगण. हजर: घराचे मालक आप्पा, त्यांच्या पत्नी गयाबाई, सून वर्षाताई (शेजारच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स), हट्टा गावाहून आलेले आप्पांचे साडू रामराव, आणि मी, गाड्यांचं वायरिंग व एसी बघणारा मिस्त्री, मुक्काम हिंगोली. गैरहजर: गाडी ज्याच्या नावावर आहे तो मुलगा मनोज. तो पुण्याला नोकरीला असतो आणि फोनवर "बाबा म्हणतील तसं" एवढंच बोलतो.

गाडी खोलण्याआधी हजर माणसांची नावं लिहून घ्यायची सवय मला धंद्यानं लावली. गाडी बंद असते तोवर प्रत्येकाला वेगळा दोष दिसत असतो. खोलून खरा दोष सापडला की सगळे म्हणतात, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. आणि नाही सापडला, तर त्या दिवशी मी सोडून तिथं कोणी नव्हतंच असं ठरतं. नावं लिहिलेली असली की माणसं जपून बोलतात. निदान चहा येईपर्यंत.

काम काय होतं ते सांगतो. वर्षाताई हिवाळ्यात पहाटेच ड्युटीला निघतात. त्यांच्या छोट्या गाडीच्या काचेवर आतून वाफ धरते, आणि हीटर लावला की ती जाते. त्या हिवाळ्यात हीटर लावला की डॅशबोर्डच्या आतून खडखड आणि मधूनच किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. एका गरोदर बाईला त्या हिंगोलीच्या दवाखान्यात नेत होत्या. अर्ध्या वाटेत ती पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "सिस्टर, गाडीत जनावर हाय का?" दोन दिवसांत नर्सबाईच्या गाडीत नाग आहे अशी बातमी आसपासच्या गावांत पोचली, आणि तपासणीला न्यायला गाडी उभी केली तरी बायका आत बसायला तयार होईनात.

आप्पांना हा आवाज फार आवडला. सुनेनं गाडी चालवावी आणि आपण मागं बसून बाजाराला जावं, हे त्यांच्या घशाखाली कधी उतरलंच नव्हतं. मुलगा पुण्याला गेल्यापासून इलाज नव्हता, कारण त्यांना स्वतःला ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही चालवता येत नाही. आडतीवर सोयाबीन घालायला गेले तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, "आप्पा, ड्रायव्हर ठेवला म्हनं?" तेव्हापासून ते गाडी विकायला निमित्त शोधत होते. आता निमित्त आपणहून खडखडत आलं. गाडी बिघडली, बाईच्या हातानं बिघडली, विकून टाकू. गिऱ्हाईकही घरातलंच मिळालं, साडू रामराव. रविवारी ते येणार, आवाज कशाचा ते मी सांगणार, आणि दुपारच्या जेवणानंतर किल्ली हट्ट्याला जाणार, असं ठरलं होतं.

गाडी गेली की वर्षाताईंना जीपनं जाणं आलं. आमच्याकडची जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि ती भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. वेळेवर पोचणं संपलं असतं, आणि मग हळूहळू नोकरीही. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

माझ्याशी मात्र तिघं जण बोलले. आप्पांचा फोन आला, "मिस्तरी, रविवारी या. दुरुस्त करू नका, निस्तं काय बिघडलं ते सांगा." त्याच संध्याकाळी वर्षाताईंचा, "काका, काहीही करा, पण आवाज बंद करा." आणि रविवारी सकाळी गावाच्या वळणावर मोटारसायकल आडवी घालून, कानटोपीवरून मफलर गुंडाळलेले रामराव उभे होते. म्हणाले, "काम मोठं सांगा बरं का. इंजिन उतरावं लागन म्हना. म्हंजे भाव जरा खाली येतो." हीटरचा एक पंखा, तीन गिऱ्हाइकं, आणि तिघांना तीन वेगळे निकाल हवे होते.

आता पंख्याविषयी, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात गाडी असेल. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी स्वतः तापतं. ते डॅशबोर्डाच्या आत एका लहान जाळीतून फिरवलेलं असतं. पंखा त्या जाळीवर वारा फेकतो आणि तो गरम होऊन पायाशी आणि काचेवर येतो, इतकाच हीटर. उन्हाळ्यात हाच पंखा एसीच्या थंड जाळीवर वारा फेकतो. पंखा एकच. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. हिंगोलीच्या एका कापडदुकानदारांना कोणीतरी "हीटरचा वेगळा पंखा" बसवून दिला होता. मी गाडीभर शोधला, नव्हताच. दुकानदार म्हणाले, "पण फरक पडला ना." अशा ठिकाणी मिस्त्रीनं पेचकस खिशात घालावा आणि निघावं.

आवाज घरच्या घरी ओळखता येतो. इंजिन सुरू न करता किल्ली अर्धी फिरवायची आणि पंखा एकेका वेगावर लावायचा. इंजिन झोपलेलं असतानाही आवाज आला तर दोष पंख्यातच. कटकट होत असेल आणि वेगाबरोबर ती वाढत असेल, तर पात्यांत काही अडकलंय. किंचाळत असेल तर मोटरचं बुश, म्हणजे दांडा फिरतो ती बांगडी, सुकलंय. नुसतं घुमत, थरथरत असेल तर पंख्याच्या एका बाजूला कचरा बसून त्याचा तोल गेलाय. पंखा असतो डाव्या सीटसमोरच्या खणामागं, खालच्या अंगाला. खण निघाला की बहुतेक गाड्यांत दोन-तीन स्क्रू आणि एक वायरचा सॉकेट, की पंखा हातात येतो. किल्ली काढून मगच सॉकेटला हात लावायचा. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना लांबूनच नमस्कार करायचा, त्या एअरबॅगच्या असतात.

आणि थांबायचं कुठं ते आधी ठरवायचं. शिकवणीचे वर्ग चालवणाऱ्या एका गृहस्थांनी व्हिडिओ बघून अख्खा डॅशबोर्ड उतरवला आणि परत बसवला. मग स्क्रूंनी भरलेली पिशवी घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "हे उरले. कंपनी जास्तीचे देत असावी." त्यांच्या गाडीत डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरत होते.

तर आप्पांचं अंगण. मी किल्ली मागितली. आप्पांनी ती बंडीच्या आतल्या खिशातून काढून दिली. म्हणजे सुनेकडून आधीच काढून घेतलेली होती. किल्ली अर्धी फिरवून पंखा पहिल्या वेगावर लावला. कटकट सुरू झाली. दुसऱ्यावर वाढली. शेवटच्या वेगावर अशी किंचाळी निघाली की ट्रॅक्टरच्या सावलीत बसलेली शेळी उठून घरामागं गेली.

रामरावांनी एका कानावरचा मफलर वर केला. "इंजिन गेलं."

"काका, इंजिन चालूच न्हाई," वर्षाताई म्हणाल्या.

"मंग मी काय म्हनून राहिलो? गेलं."

आप्पांना इंजिन जाणं परवडणारं नव्हतं, भाव पडला असता. ते म्हणाले, "इंजिन पक्कं हाय. ही क्लच दाबून गाडी चालवती, त्याचं हे."

"क्लच तिकडं पायाशी आणि पंखा इकडं या टोकाला," मी म्हणालो. "त्या दोघांची ओळखही नाही, आप्पा."

"मंग बटन जोरात फिरवत असंल."

वर्षाताईंनी खण रिकामा करून दिला. लसीकरणाची कार्डं, हातमोजे, टॉर्च, बिस्किटाचा पुडा. मी खण उतरवला, सॉकेट काढला, स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि पंखा बाहेर ओढला. पंखा कसला, पिंजऱ्यासारखा गोल असतो तो. त्याच्याबरोबर मुठीत मावणार नाही एवढा कापूस बाहेर आला. त्यात तुरीची टरफलं, लेंड्या, आणि वरच्या हवेच्या फिल्टरचे कुरतडलेले तुकडे. बिऱ्हाड सोडून मालक केव्हाच गेला होता.

अशा वेळी दोष उंदरावर टाकायचा, असा आमच्या धंद्यातला दंडक आहे. उंदराला मानपान नसतो, त्याला साडू नसतो आणि तो दुसऱ्या दिवशी फोन करत नाही. मी म्हणालो, "उंदीर. कोणाचीच चूक नाही. साफ केला की झालं."

माझ्या हिशेबानं विषय इथं मिटायला हवा होता. आप्पा खुर्चीतून पुढं वाकले. "पन उंदीर आला काहून? कापसाच्या खोलीपाशी गाडी कोन लावून राहिलं रोज?"

"तुमीच सांगितलं होतं, मामा," वर्षाताई म्हणाल्या. "अंगनात नको, ट्रॅक्टर वळायला जागा लागती म्हनून."

"मी सांगितलं म्हनून तू लावायची का?"

सुनांना असले प्रश्न उत्तरासाठी विचारतच नाहीत. रामराव कापसाकडं बघत होते, गाडीचा भाव आणखी किती खाली येईल याचा अंदाज घेत. वर्षाताई खाली बसून कार्डं नीट लावू लागल्या, नीट लावलेली असताना.

पात्यांत लाल दाणे मला आधीच दिसले होते, पण मी उंदरावर थांबायचं ठरवलं होतं, ते तिथं मोडलं. पिंजरा वर्तमानपत्रावर उलटा धरला आणि तळहातानं दोनदा ठोकला. आतून तांदूळ पडले. कुंकवानं लाल झालेले, चांगले मूठभर. मागून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

बघायला सगळे होते.

ज्यांच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वाहनं पुजतात त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आप्पांच्या घरी ट्रॅक्टर, मोटारपंप, विळे-कोयते आणि आता गाडी, सगळ्यांची पूजा आप्पा करतात. दुसऱ्या कोणी केलेली त्यांना पटत नाही. ट्रॅक्टरच्या बोनेटवर मूठभर अक्षता टाकायची त्यांची जुनी रीत. ट्रॅक्टरवर टाकलेलं सगळं घरंगळून जमिनीवर येतं आणि कोंबड्या ते टिपतात. गाडीचं मात्र त्यांनी कपाळ शोधलं, आणि ते त्यांना समोरच्या काचेच्या बरोबर खाली सापडलं. तिथं एक काळी जाळी असते. बाहेरची हवा तिथूनच पंख्याकडं जाते. तिच्या फटीतून तांदूळ आत जातात. तांदळाच्या वासानं उंदीर जातो. मग उंदीर थंडीच्या सोयीसाठी कापूस नेतो. मी हे सगळं एका दमात सांगितलं, कुणाकडं न बघता.

गयाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तांदळाकडं बघून म्हणाल्या, "अक्षता देऊन आवतन धाडलं. उंदीर न येऊन सांगतो कुनाला?"

आधी हसले ते रामराव. खूप हसले. मफलर सोडून हसले. आप्पांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, आणि मला वाटतं हट्ट्याचं गिऱ्हाईक त्याच क्षणी गेलं. पण ते रामरावांना कळायला अजून वेळ होता.

"देवाच्या अक्षतानं गाडी बिघडती व्हय, मिस्तरी?" आप्पांनी विचारलं.

याचं उत्तर वायरिंगमध्ये नसतं. मी ब्रश घेतला. आता कंपन्यांच्या वर्कशॉपात पंखा असा झटकत बसत नाहीत, अख्खं युनिट काढतात आणि नवीन लावतात. काम लवकर होतं, पण बिघाड कशानं झाला ते कोणालाच कळत नाही. गाडी तशा ठिकाणी गेली असती तर आप्पांच्या अक्षता जुन्या युनिटबरोबर भंगारात गेल्या असत्या, आणि पुढच्या खंडेनवमीला नव्या पंख्यात पडल्या असत्या. हातानं झटकून साफ करायच्या या कामाचं मला अजून कौतुक वाटतं ते एवढ्याचसाठी. वाईट याचं वाटतं, की माझ्या दुकानात काम शिकायला येणाऱ्या कोणालाही आवाज ऐकायचा नसतो, सगळ्यांना पार्टचा नंबर हवा असतो.

पाती ब्रशनं साफ केली. फटीत रुतलेले दाणे चिमट्यानं काढले. मोटरच्या दांड्याला तेलाचा एक थेंब, जास्त नाही. जास्त तेल धूळ धरतं. हातानं फिरवून बघितला, कुठं घासत नव्हता. नवीन फिल्टर घातला, पंखा बसवला, सॉकेट लावला, खण चढवला. वाटीत स्क्रू उरला नाही. किल्ली फिरवून चारही वेग लावले. नुसता वारा.

"झालं?" गयाबाईंनी विचारलं.

"झालं."

आवाज थांबण्याइतकी बेचव गोष्ट दुसरी नाही. तो येत असतो तेव्हा गाव जमतं. तो गेला की मिस्त्री कोणाला दिसत नाही.

पण त्या दिवशी सगळे माझ्याकडंच बघत होते, कारण किल्ली माझ्या हातात होती. आप्पांनी तळहात पुढं केला. रामराव त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. वर्षाताई जागच्या हलल्या नाहीत. ज्यानं किल्ली दिली त्यालाच ती परत करायची, हा नियम मी आयुष्यभर पाळलेला. मी किल्ली मुठीत धरली आणि म्हणालो, "रस्त्यावर बघावं लागेल. अंगणात गप्प बसलेला पंखा खड्ड्यात बोलतो."

हे खरं आहे. पुढचं अर्धंच खरं होतं. "चालवणारं रोजचं पाहिजे, आधीचा आवाज त्याच्या कानात असतो. आणि ऐकणारा पुढं डावीकडं पाहिजे, पंखा त्याच्या गुडघ्यांसमोर येतो."

"मी बसतो की," रामराव म्हणाले.

"दाजी, तुमी चहा घ्या," गयाबाई म्हणाल्या. "ज्याचा माल त्यानं ऐकावं."

वर्षाताई किल्ली घेऊन बसल्या. आप्पा सवयीनं मागच्या दाराकडं गेले. मी पुढचं दार उघडून धरलं.

"मालक मागं बसतो," आप्पा म्हणाले.

"मागं ऐकू येत नाही."

ते पुढं बसले, पाय आखडून, हातातली काठी दोन गुडघ्यांच्या मधे उभी धरून. गाडी सेनगावच्या दिशेनं गेली.

वळणापर्यंत जाऊन परत येतील असं मी धरलं होतं. रामरावांचा एक चहा झाला, मग दुसरा. "पेट्रोल माझंच जाळून राहिले," ते म्हणाले. गयाबाईंनी त्यांना बहिणीची खुशाली विचारली, मग बहिणीच्या सुनेची, मग बहिणीच्या सुनेच्या माहेरची. रामराव उत्तरं देत राहिले आणि रस्त्याकडं बघत राहिले.

गाडी आली तेव्हा काचा वर होत्या. आप्पा लगेच उतरले नाहीत. इंजिन चालू, पंखा चालू, आणि आप्पा आत बसलेले. मग उतरले, सरळ रामरावांकडं गेले आणि म्हणाले, "आवाज हाय अजून."

मी तोंड उघडलं. गयाबाईंनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. "घ्या मिस्तरी, निवून राहिले." मी पोहे खाल्ले.

"बारीक हाय, पन हाय," आप्पा म्हणाले. "पुरा निघाल्याबिगर गाडी देनं बराबर न्हाई. साडूला खोटा माल देला असं हट्ट्यात नगं व्हायला."

"मला चालन बारीक आवाज," रामराव म्हणाले.

"मला न्हाई चालत."

रामरावांनी मफलर बांधला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "निघाला की पैला फोन मला."

रस्त्यात काय झालं ते वर्षाताईंनी मला नंतर फोनवर सांगितलं. "आधी निस्ते रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, लाव ते, मिस्तरीनं ऐकायला सांगितलं. मी हीटर लावला. पायावर गरम वारा गेला तसे काठी बाजूला ठेवून बसले. म्हणाले, हे रोज येतं इथं? म्हणलं, व्हय मामा, पुढं बसलं की येतं. मग सेनगाव मागं पडलं तरी फिर म्हणाले न्हाईत. मीच वळवली, पेट्रोल संपून राहिलं म्हनून."

ट्रॅक्टरच्या पेडलांनी आप्पांचे गुडघे कधीच खाल्लेत, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मालक म्हणून ते मागं बसत होते, आणि मागच्या सीटवर त्या गाडीचा गरम वारा पोचत नाही.

आता ते पुढं बसतात. बाजारात कोणी विचारलंच तर सांगतात की आवाजावर लक्ष ठेवावं लागतं. किल्ली दाराजवळच्या खुंटीला असते. वर्षाताई ती घेतात आणि जातात. तू चालव, असं आप्पांनी त्यांना आजतागायत म्हटलेलं नाही. गरोदर बायकाही गाडीत बसू लागल्या आहेत. नाग निघाला आणि आप्पांनी तो धरून शिवारात सोडला, अशी नवी बातमी आहे. मनोजला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी तेच म्हणत होतो, बाबा म्हणतील तसं."

काम मात्र माझ्याकडं बाकी आहे. काचेखालच्या त्या जागेत आतून बारीक जाळी बसवली, की वरून काहीही पडलं तरी पंख्यात जाणार नाही. खंडेनवमीच्या आत ती बसलीच पाहिजे, कारण आप्पांचा हात आखडणारा नाही. जाळी मापानं कापून, कडा घासून दुकानात ठेवली आहे. पण गेलो की आप्पा खुर्ची टाकून समोर बसणार आणि चार माणसांत विचारणार, आवाज निघाला का? निघाला म्हटलं तर दिल्या शब्दाप्रमाणं रामरावांना गाडी देणं त्यांना भाग, आणि नाही म्हटलं तर मी कसला मिस्त्री. रामराव महिन्याकाठी फोन करतात, त्यांना मी "बघतोय" म्हणून सांगतो. परवा गयाबाईंचाही आला. म्हणाल्या, "मिस्तरी, जाळी तेवढी बसवून जा. आवाजाला हात लावू नका."

या आठवड्यात सेनगावच्या बाजूला दोन कामं होती. दोन्ही करून आलो. जाळी अजून दुकानातच आहे.